रुग्ण दवाखान्यात, कागद घरात : मोहल्ल्याचं सामायिक आरोग्य माहिती केंद्र कसं उभारायचं?

रात्रीचे दोन वाजलेले असतात. अब्बूंच्या छातीत दुखायला लागतं. मुलगा रिक्षा शोधायला धावतो, मिळेल त्या मोठ्या इस्पितळात नेतो. काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "डिपॉझिट किती भरताय?" अम्मी हातातल्या बांगड्या काढून देतात, मामू कुणाकडून तरी उसने आणतात, जमातीच्या फंडाला फोन जातो. अब्बू वाचतात, अल्हमदुलिल्लाह. पण आठ दिवसांनी कुणीतरी भेटायला येतं आणि सहज बोलून जातं, "अरे, तुमच्याकडे रेशन कार्ड होतं ना? मग हे योजनेत बसलं असतं की!"

हा प्रसंग एका घरचा नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा, मिरज, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. योजना नाही म्हणून घर कर्जात जातं असं दर वेळी नसतं. माहिती असते, पण ती दहा ठिकाणी विखुरलेली असते, सरकारी भाषेत असते आणि गरजेच्या घडीला हाताशी नसते. म्हणून काही वस्त्यांतली तरुण मंडळी आता विचारतात, "आपल्या मोहल्ल्यासाठी ऑनलाइन एक जागा करता येईल का, जिथे आजारपणाची सगळी खात्रीची माहिती सापडेल?"

करता येईल. पण ती कशी रचायची, त्यात काय ठेवायचं, काय ठेवायचं नाही आणि ती खरी कोण ठेवणार, हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठीच हा लेख आम्ही सविस्तर लिहीत आहोत. जपून ठेवावा आणि आपल्या मंडळात, जमातीत, बचत गटात वाचून दाखवावा.

रुग्णकेंद्री म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे आरोग्यव्यवस्था बहुतेक वेळा इस्पितळाच्या सोयीने चालते. ओपीडीची वेळ त्यांची, भाषा त्यांची, फॉर्म त्यांचा. रुग्णकेंद्री सेवेत हिशोब उलटा असतो. रुग्णाला काय त्रास आहे, त्याला काय समजलं, त्याला काय परवडतं, घरची परिस्थिती काय आहे, त्याची स्वतःची इच्छा काय आहे, हे विचारूनच उपचार ठरवायचे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००१ साली चांगल्या आरोग्यसेवेची सहा लक्षणं मांडली. सेवा सुरक्षित हवी, परिणामकारक हवी, रुग्णकेंद्री हवी, वेळेवर मिळावी, वाया खर्च न करणारी हवी आणि सर्वांना सारखी मिळावी. रुग्णाची गरज, आवड आणि मूल्यं यांचा आदर राखणं हा त्यातल्या 'रुग्णकेंद्री' या शब्दाचा अर्थ.

माहिती केंद्रालाही हीच कसोटी लावायची. बरीच माहितीस्थळं विभागाच्या नावाने रचलेली असतात. एक पान अमुक खात्याचं, दुसरं तमुक योजनेचं, तिसरं संचालनालयाचं. पण आजारी माणसाच्या घरच्यांना योजनेचं नावच माहीत नसतं. त्यांच्या डोक्यात एवढंच असतं, "डायलिसिसला आठवड्याचे पैसे आणायचे कुठून?" आमच्या मते या सगळ्या कामातली मुख्य गोष्ट हीच आहे. केंद्र योजनांच्या नावांनी रचू नका, घरातल्या प्रश्नांनी रचा.

रचना : एक प्रश्न, एक पान

प्रत्येक पानाला मथळा द्यायचा तो घरात विचारला जाणाऱ्या प्रश्नाचा. 'बाळंतपण मोफत कुठे होतं?', 'इस्पितळ कागद देत नाही, काय करू?', 'शुगर आहे, रोजे ठेवू का?', 'अम्मी रात्रभर झोपत नाहीत, सारखी धास्ती घेतात, कुणाला दाखवू?' असे.

आणि प्रत्येक पानावर याच क्रमाने सहा गोष्टी :

१. दोन ओळींत सरळ उत्तर.
२. आत्ता लगेच काय करायचं.
३. कोणते कागद लागतात.
४. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, कोणत्या वेळेत.
५. नाही म्हणाले तर पुढे कुठे.
६. ही माहिती कुणी तपासली आणि कोणत्या तारखेला.

सहावी गोष्ट लोक हमखास विसरतात, पण केंद्राचा विश्वास तिच्यावरच टिकतो. योजनांच्या अटी बदलतात, इस्पितळं यादीत येतात आणि यादीतून जातातही. तारीख नसलेली माहिती म्हणजे लेबल निघालेली औषधाची बाटली. आत काय आहे कळत नाही आणि कधी संपलं तेही कळत नाही.

'सामायिक' या शब्दाचा अर्थही इथेच नीट लावावा लागतो. राज्यभर सारखी असलेली माहिती, म्हणजे योजना, हक्क, हेल्पलाइन, एकदाच आणि एकाच जागी लिहायची. त्यावर प्रत्येक गावाने आपलं स्थानिक पान जोडायचं. आपल्या भागात योजनेतलं इस्पितळ कोणतं, रक्तपेढी कुठे आहे, तहसीलचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, ते तिथे येईल. मालेगावच्या मुलांनी आणि मिरजेच्या मुलांनी तोच मजकूर दोनदा लिहायची गरज नाही. वर नियम बदलला की एकाच ठिकाणी दुरुस्ती होते आणि सगळीकडे पोचते.

पहिलं पान : तातडीचं

हे पान सगळ्यात वर, सगळ्यात छोटं आणि नेट मंद असलं तरी उघडेल असं हवं. चित्रं नकोत, जाहिराती तर नकोतच. त्यात एवढं पुरे :

— रुग्णवाहिका : १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे आणि ती मोफत आहे.
— आरोग्यविषयक सल्ला : १०४.
— मानसिक त्रास, घाबरटपणा, आयुष्य संपवण्याचे विचार : टेली-मानस, १४४१६. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, फोन केव्हाही करता येतो.
— महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.
— आयुष्मान भारत : १४५५५.
— क्षयरोग : १८०० ११ ६६६६.

शेवटी एक ओळ ठळक अक्षरांत टाका. तातडीच्या रुग्णाला प्रथम उपचार देणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. रात्री दोन वाजता काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला वाद घालायचा नसतो. पण ही एक ओळ माहीत असेल तर तो मान खाली घालून उभा राहणार नाही.

दुसरं पान : पैसे कुठून आणायचे?

सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान हेच असेल. म्हणून ते सर्वांत काळजीने लिहा.

*जन आरोग्य योजना.* ही २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' म्हणून सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर पांढरं कार्डही चालतं. म्हणजे 'आम्ही काय दारिद्र्यरेषेखाली थोडेच आहोत' असं म्हणून गप्प बसायचं कारण उरलेलं नाही. यादीतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. आधी त्याला भेटायचं, डिपॉझिटच्या खिडकीवर नंतर. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. योजना ठरावीक आजारांसाठी आणि ठरावीक इस्पितळांत चालते. आणि ती रोकड न देता उपचार देणारी आहे, बिल भरून घरी आल्यावर पैसे परत देणारी नाही. सुरुवातीच्या प्रसंगातल्या घराचं नुकसान झालं ते इथेच.

*सत्तरी ओलांडलेले दादा-दादी.* २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून ७० वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं लागतं. आधार हातात असेल तर हे काम शांतपणे एखाद्या दुपारी उरकून टाका.

*धर्मादाय इस्पितळं.* अनेक मोठी, काचेच्या इमारतींची इस्पितळं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना यांनुसार अशा इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. दाद मागायची ती जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. स्थानिक पानावर आपल्या शहरातल्या धर्मादाय इस्पितळांची नावं आणि तिथल्या समाजसेवा विभागाची वेळ असलीच पाहिजे.

*सरकारी दवाखाने.* १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं या विभागाखाली येत नाहीत, तिथले नियम वेगळे असू शकतात. हा फरक पानावर नीट लिहा, नाहीतर लोक चुकीच्या दारात जाऊन भांडतील.

*बाळंतपण.* जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत. आजारी बाळाचे उपचारही त्यात येतात.

*क्षयरोग.* निदान आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. टीबी म्हणजे बदनामी समजून मुलीचा आजार लपवणाऱ्या घरांना ही माहिती कुणी तोंडावर सांगत नाही. फोनवर एकट्याने वाचता आली तर ते वाचतील.

आधी हक्क, मग जकात

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या समाजात आजारी माणसासाठी पैसा उभा राहतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. बैतुलमाल असतं, रमजानमध्ये जकात निघते, शुक्रवारच्या नमाजनंतर झोळी फिरते. पण जो उपचार योजनेत मोफत होणार होता, त्यावर जर हा पैसा गेला तर ज्याच्याकडे खरोखर कोणताच मार्ग नाही त्याचा हिस्सा कमी झाला. एखाद्या आजाराचा उपचार योजनेत बसत नाही, एखाद्या कामगाराचं रेशन कार्ड दुसऱ्या राज्यातलं आहे, कुणाला रोज लागणारी गोळी महाग आहे. जकातीचा पैसा तिथे लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. मदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेने अर्जासोबत केंद्राच्या यादीतले चार प्रश्न विचारावेत. रेशन कार्ड दाखवून आरोग्यमित्राला विचारलं का? इस्पितळ धर्मादाय आहे का ते पाहिलं का? सरकारी रुग्णालयात हा उपचार आहे का? सत्तरीच्या पुढचं वय आहे का? अर्ज नाकारायला म्हणून हे विचारायचं नाही. स्वयंसेवकाने अर्जदाराबरोबर बसून चारही दारं ठोठवायची आणि जे उरेल ते फंडातून द्यायचं.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या परप्रांतीय भावांसाठी वेगळी नोंद हवी. राज्याच्या योजनेला महाराष्ट्राचं रेशन कार्ड लागतं. पण गावाकडे त्यांचं कुटुंब आयुष्मान भारतच्या यादीत असेल तर ते कार्ड देशभरातल्या यादीतल्या इस्पितळांत चालतं.

तिसरं पान : कागद

आम्ही पाहिलेल्या अडचणींत निम्म्या अडचणी आजाराच्या नसतात, नावाच्या असतात. रेशन कार्डावर 'मोहम्मद', आधारवर 'मो.', इस्पितळाच्या केस पेपरवर 'मुहम्मद'. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. नवी सून घरात येऊन तीन वर्षं झाली, पण तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. हे रात्री दोन वाजता दुरुस्त होत नाही.

म्हणून केंद्रावर 'घराची फाइल' नावाचं पान असू द्या. एका फाइलमध्ये ठेवायचं : रेशन कार्डाची प्रत, सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे ते, रक्तगट. ही फाइल कुठे आहे हे घरातल्या बायकांनाही माहीत हवं. इमर्जन्सी येते तेव्हा कर्ता पुरुष घरी असेलच असं नाही.

चौथं पान : रुग्णाचे हक्क

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम सुधारले. त्यानुसार हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी जागी लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक झालं आणि तक्रारीसाठी स्थानिक पातळीवर कक्ष हवा असं ठरलं. घरच्यांना रोज उपयोगी पडणारे हक्क असे :

— आजार काय, उपचार कोणता, अंदाजे खर्च किती, हे समजेल अशा भाषेत ऐकण्याचा.
— ऑपरेशनपूर्वी समजून घेऊन मग सही करण्याचा. न वाचता सही घेतली तर ती संमती नव्हे.
— दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा.
— औषध आणि तपासणी इस्पितळाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नसण्याचा.
— पुरुष डॉक्टर तपासत असतील तर महिला रुग्णासोबत दुसरी महिला हजर असण्याचा. आपल्या घरांतल्या किती बाया केवळ संकोचापोटी दवाखाना टाळतात, हे आपल्याला ठाऊक आहे. हा हक्क ठळक लिहा.
— बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मयताला अडवून न ठेवण्याचा.
— केस पेपर आणि रिपोर्ट मिळण्याचा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

या पानाच्या खाली नोंदी मागण्याच्या अर्जाचा नमुना द्या. रुग्णाचं नाव, भरती क्रमांक, तारखा आणि 'माझ्या नोंदींच्या प्रती द्याव्यात' एवढंच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला सांगा. आणि आवाज चढवू नका, असंही लिहा. डॉक्टर-नर्स यांच्यावर हात उगारल्याने आजवर कुणाचाही रुग्ण बरा झालेला नाही. हक्क मागायचा तो कागदावर.

पाचवं पान : आपल्या घरातले प्रश्न

सरकारी माहितीत जे सापडत नाही, ते इथे. सगळ्यात आधी रमजान आणि मधुमेह. दर वर्षी शाबानच्या अखेरीस लोक शेजाऱ्याला विचारून गोळ्यांच्या वेळा बदलतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि 'डायबिटीज अँड रमादान' या संघटनेने २०१६ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा सांगावा सोपा आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरला भेटा. वय, शुगर, इन्सुलिन, किडनी-हृदयाचा त्रास, गरोदरपण हे पाहून डॉक्टर धोका कमी, मध्यम की जास्त ते ठरवतील. रोज्यात सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यांत सांगितलं आहे. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, किंवा तब्येत बिघडली तर रोजा सोडायचा. केंद्रावर हे पान लिहिताना डॉक्टर आणि मोहल्ल्यातले आलिम दोघांना एकत्र बसवा. अम्मी डॉक्टरचं ऐकतील की नाही सांगता येत नाही, पण "मौलाना साहेबांनीही हेच सांगितलंय" म्हटलं की ऐकतात.

दुसरं म्हणजे भाषा. कोकणातल्या आपल्या घरांत कोकणी मराठी, सोलापूर-मराठवाड्यात दखनी, मुंबईत हिंदुस्तानी. वयस्कर मंडळी उर्दू वाचतात, नातवंडं मराठी शाळेत शिकतात. त्यामुळे पान मराठीत ठेवा, पण प्रत्येक पानासोबत घरगुती बोलीत दीड-दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण असू द्या. ज्या नानीला वाचता येत नाही तिला ऐकता येतं. वैद्यकीय शब्द जसा लोक बोलतात तसाच ठेवा. 'उच्च रक्तदाब' लिहा, पण सोबत 'बीपी' लिहाच.

तिसरं म्हणजे मनाचे आजार. यांच्यासाठी पान बनवताना 'नजर', 'जादू' मानणाऱ्या घरांची खिल्ली उडवू नका. दुआ चालू ठेवा आणि डॉक्टरलाही दाखवा, अशा शब्दांत सांगितलं तर दार उघडं राहतं.

कोण लिहिणार, कोण तपासणार?

इथेच बहुतेक उपक्रम बुडतात. पहिल्या महिन्यात उत्साह असतो, सहाव्या महिन्यात नंबर लागत नाहीत. त्यामुळे कामं आधीच वाटून घ्या.

*लिहिणारे* : डी.एड., नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य शिकणारी आपलीच मुलं-मुली. *तपासणारे* : वैद्यकीय मजकुरासाठी त्या विषयातला नोंदणीकृत डॉक्टर, कायद्याच्या मजकुरासाठी वकील. त्यांच्या सहीशिवाय पान बाहेर जाणार नाही. *फोन करणारे* : दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून पाहणारे दोन जण. हे काम घरून करता येतं, म्हणून घरी असलेल्या बहिणींनी ते हाती घेतलं तर उत्तम. *रुग्ण* : यांना विसरू नका. जी खाला चार वर्षं डायलिसिसवर आहे, तिला कोणती खुर्ची थंड वाऱ्यात येते इथपासून सोबत काय न्यावं इथपर्यंत सगळं माहीत आहे. तिचं म्हणणं घेतल्याशिवाय डायलिसिसचं पान पूर्ण झालं असं समजू नका.

काय ठेवायचं नाही, तेही ठरवा. 'शर्तिया इलाज', 'शुगर मुळापासून गायब' अशा जाहिराती बिलकुल नकोत. मधुमेह, कर्करोग यांसारख्या ठरावीक आजारांवर असे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. इस्पितळांना 'चांगलं-वाईट' असे शेरे देऊ नका, चांगल्यावर संशय येतो आणि वाईटाकडून नोटीस. फक्त तपासता येईल ते लिहा. यादीत आहे का, कोणत्या तारखेला विचारलं, कोणत्या पदावरच्या माणसाने सांगितलं. आणि केंद्राने औषध सुचवायचं नाही. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टर सांगेल, डॉक्टरपर्यंत कसं पोचायचं हे केंद्र सांगेल.

पडदा राखा

आजार ही अमानत आहे. मदतीच्या आवाहनात रुग्णाचा फोटो, रिपोर्ट, घरचा पत्ता, मोबाईल सगळं टाकून ते ग्रुपमध्ये फिरवायची सवय आपल्याला लागली आहे. त्या मुलीचं उद्या लग्न जमवायचं असतं, त्या मुलाला नोकरी शोधायची असते. एकदा फिरलेला रिपोर्ट परत येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे.

म्हणून नियम कडक असू द्या. केंद्रावर माहिती वाचायला नाव-नंबर द्यावा लागू नये. मदत मागणाऱ्याचे कागद दोनच माणसांनी पाहावेत आणि काम झाल्यावर पुसून टाकावेत. अनुभव छापायचा तर नाव, गल्ली आणि इस्पितळ काढून, तेही लेखी परवानगीने.

सुरुवात कशी करायची?

पन्नास पानं एकदम करू नका. पहिल्या महिन्यात पाच पानं पुरे : तातडीचं, पैशांचं, घराच्या फाइलचं, हक्कांचं आणि आपल्या वस्तीत सर्वाधिक असलेल्या एका आजाराचं. पानं तयार झाली की ती मित्रांना दाखवू नका, ते वाहवा करतील. पाच वेगवेगळ्या लोकांना दाखवा : एक आजी, एक रिक्षावाला भाई, एक आठवी शिकलेली सून, एक कॉलेजचा मुलगा, एक जुना रुग्ण. त्यांच्या हातात फोन द्या आणि विचारा, "वडिलांना ॲडमिट करायचंय, कुठले कागद लागतील ते यात शोधा." दोन मिनिटांत सापडलं नाही तर चूक त्यांची नाही, पानाची आहे.

माहिती देणाऱ्या स्वयंसेवकांनाही एक सवय लावा. समजावून झाल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका, सगळे होच म्हणतात. "आता घरी जाऊन भाभींना काय सांगाल?" असं विचारा. जे चुकलं असेल ते लगेच दिसतं.

आणि ऑनलाइन म्हणजे फक्त ऑनलाइन नव्हे. तातडीचं पान मोठ्या अक्षरांत छापून मशिदीच्या फलकावर, मदरशात, रेशन दुकानात, शिवण क्लासमध्ये आणि औषधाच्या दुकानात लावा. बायकांपर्यंत ते बहुतेक शिवण क्लासमधूनच पोचेल.

हे सगळं उभारायला मोठी देणगी लागत नाही. नियमित माणसं लागतात. महिन्यातून एक रविवार देणारी दहा माणसं मिळाली तरी एका मोहल्ल्याचं काम चालू शकतं. आणि हे केंद्र फक्त आपल्यासाठी आहे असंही समजू नये. शेजारच्या गल्लीतल्या कांबळेकाकांच्या डायलिसिसलाही तेच रेशन कार्ड आणि तोच आरोग्यमित्र लागतो. दार सगळ्यांना उघडं ठेवा.

तोवर एक काम आजच करता येईल. हा लेख वाचून झाला की कपाट उघडा, घरातली सगळी कार्डं काढा आणि प्रत्येकाचं नाव सगळीकडे सारखं आहे का ते बघा. नसेल तर उद्या सकाळी जाऊन दुरुस्तीचा अर्ज द्या. अल्लाह करो, त्या फाइलची गरज कधीच न पडो. पण पडली तर रात्री दोन वाजता ती हाताशी असू द्या.